उजव्या बाजूची काजं

त्या शिंप्याच्या दुकानात चार माणसं कामाला होती. चौघांनाही आईबापांनी ठेवलेली नावं होती आणि ती कुणी वापरत नसे. कापड कापणारे ते मास्तर, दुकानही त्यांचंच. मशीनवर बसणारा तो रेडिओ, कारण तो सकाळी सुरू झाला की दुकान बंद होईपर्यंत थांबत नसे. काजं करून बटणं लावणारी ती काजताई. आणि शेवटी कोटावर इस्त्री फिरवणारा तो इंजिन. इंजिन का, तर वाफ भरपूर आणि शिट्टी कधीच नाही, असं मास्तर एकदा म्हणाले आणि ते त्याला चिकटलं ते चिकटलंच.

ही गोष्ट काजताईची आहे.

पुरुषांचे कोट शिवणारं दुकान होतं ते. बायकांचे कोटही कधीमधी यायचे. कोट शिवताना काहीही चुकलं तरी उसवता येतं. खांदा उतरला, उसवा. बाही वळली, उसवा. काज मात्र एकदा कापलं की कापलं. म्हणून ते काम सगळ्यात शेवटी, आणि म्हणूनच ते काजताईकडे. खडूची बारीक खूण, त्यावर पटाशी, पटाशीवर हातोडीचा एक ठोका. महागड्या कापडावर पटाशी टेकवताना मास्तर स्वतः दुसरीकडे बघायचे. काजताईचा हात कधी थबकला नाही. मग मेण लावलेला रेशमी दोरा घेऊन ती खिडकीपाशी बसे आणि त्या चिरेच्या कडेने टाक्याला टाका लावत जाई. तिचं काज उलट्या बाजूनेही सुलट दिसायचं.

पुरुषाच्या कोटाला काजं डाव्या बाजूला, बटणं उजव्या. बाईच्या कोटाला बरोबर उलट. असं का, ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. रेडिओकडे या प्रश्नाची चार उत्तरं होती आणि चारही त्याने स्वतःच रचलेली होती. काजताई म्हणायची, "असतं तसं. आपण कशाला विचारायचं."

आपण कशाला विचारायचं, हे वाक्य तिच्या घरातलं. तिची आई उठताबसता ते म्हणायची, आणि खास करून लग्नाच्या बाबतीत. पुरुषाने विचारावं, बाईने थांबावं. हा नियम कुणी केला देव जाणे. नियम करणाऱ्याला बहुतेक कधीच कुणी आवडलं नसावं. नाहीतर विचारणाऱ्याच्या पोटात उठणारा गोळा आणि थांबणाऱ्याच्या जिवाची टांगणी, दोन्ही त्याला माहीत असती, आणि त्याने ही वाटणी इतक्या बिनघोर मनाने केली नसती.

काजताई तेवीस-चोवीस वर्षांची असताना शेजारच्या बिऱ्हाडातला एक जण तिला आवडायचा. तोही जिन्यात तिच्यासाठी थांबायचा, दिवे गेले की आधी तिच्या घरी मेणबत्ती आणून द्यायचा. आज विचारेल, उद्या विचारेल, अशी तिने दोन वर्षं घालवली. मग त्याने दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं. लग्नाच्या जेवणात तो ताट घेऊन तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तू कधी काही बोललीच नाहीस." घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. आईने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं बोलली नाहीस. निदान लाज तरी राहिली." लाज राहिली, माणूस गेला. नंतर आलेली स्थळं या ना त्या कारणाने फिसकटली, धाकट्या बहिणीचं लग्न उरकलं, आणि काजताई चाळिशीला टेकली.

आता इंजिनाबद्दल सांगायला हवं. तो अकरा वर्षांपूर्वी दुकानात आला आणि त्याचं टेबल तिच्या खिडकीला लागून पडलं. काज झालेला कोट तिच्या हातून त्याच्या हाती जायचा. दिवसभरात त्यांच्यात होणारं बोलणं बोटांवर मोजण्यासारखं. पण थंडीच्या दिवसांत तिची बोटं आखडली की तो ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवायचा आणि ती गरम घडी न बोलता तिच्या पुढ्यात ठेवायचा. आणि दुपारचं जेवण झालं, तिने डबा धुऊन ठेवला, की डब्याला बांधायच्या रुमालावर तो इस्त्री फिरवायचा. रोज. चारही कोपरे जुळवून. डब्याच्या रुमालाला कडक इस्त्री असलेली बाई त्या सगळ्या रस्त्यावर ती एकटीच असेल.

याचा अर्थ काय लावायचा? काजताईने खूप लावून पाहिला. कधी वाटे, आहे काहीतरी. कधी वाटे, याला चुरगळलेलं काहीही दिसलं की याचे हात शिवशिवतात, उद्या मांजर सुरकुतलेलं दिसलं तरी हा इस्त्री घेऊन धावेल. एक गोष्ट मात्र तिच्या फार लवकर लक्षात आली होती. सगळं दुकान तिला ताई म्हणायचं. मास्तर तिच्या बापाच्या वयाचे, तेही ताई म्हणायचे. गिऱ्हाईकं म्हणायची, चहावाला म्हणायचा. इंजिनाने अकरा वर्षांत एकदाही तिला ताई म्हटलं नाही. "जरा ऐकता का," असं म्हणायचा तो, आणि तेवढं म्हणतानाही कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. घरी जाताना बसमध्ये ती कधीकधी ते तीन शब्द मनात म्हणून बघायची.

विचारायचं मात्र त्याने. ती थांबली होती. थांबायची तिला सवय होती.

आणि मग एका सोमवारी मास्तरांनी दुकान उघडल्या उघडल्या जाहीर केलं, "ऐका रे. आपलं इंजिन रुळावर येतंय. याच्या थोरल्या बहिणीने एक मुलगी बघितली आहे. रविवारी ते लोक याच्या घरी येणार."

रेडिओने मशीन थांबवलं, ही तशी मोठीच घटना. "मुलगी काय करते?"

"शाळेत कारकून आहे," इंजिन इस्त्रीकडे बघत म्हणाला.

"तुला पसंत आहे का?"

"ताई म्हणते चांगली आहे."

काजताई सुईत दोरा ओवत होती. दोरा जाईना. तिने टोक ओठांनी ओलं केलं, पुन्हा ओवलं, पुन्हा चुकलं. चांगलं आहे, असं ती म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं, तरी म्हणाली.

मास्तरांना उमाळा आला होता. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या कापडातला राखाडी तुकडा त्यांनी बरेच दिवस जपून ठेवला होता, तो त्यांनी टेबलावर पसरला. दुसऱ्यांच्या कोटांना इस्त्री करण्यात या माणसाचा जन्म चालला, रविवारी हा स्वतःचा कोट घालून बसेल, असं म्हणून त्यांनी त्याची मापं घेतली. हात वर करून, मान ताठ ठेवून तो असा उभा राहिला की जणू पोलिसांनी पकडलाय. मास्तरांनी कापलं, रेडिओने शिवलं. शनिवारी काजं, मग इस्त्री, की कोट तयार.

तो आठवडा काजताईने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. आईला तिने काही सांगितलं नव्हतं, पण आईपासून काय लपतं? शनिवारी सकाळी डबा भरताना आईने सरळच विचारलं, "तुमच्या त्या इस्त्रीवाल्याचं जमतंय म्हणे? रेडिओची बायको बाजारात भेटली होती."

"हो."

आईने डब्याचं झाकण लावलं. मग तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं बोलली नाहीस."

तेच वाक्य. तोच हात, आता म्हातारा झालेला. आईच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं, म्हणून काजताईला तिच्यावर रागावताही येईना. ती डबा उचलून निघाली. पंधरा वर्षांनी पुन्हा कुणीतरी ताट घेऊन जवळ येणार आणि तू बोलली नाहीस म्हणणार, एवढं एकच चित्र तिच्या डोळ्यांपुढे होतं.

दुकानात राखाडी कोट तिच्या टेबलावर येऊन पडलेला होता. शेजारी इंजिन फडक्यासाठी पाणी भरत होता. तिने खडूने खुणा केल्या, पटाशी टेकवली, ठोका घातला. एक. दोन. तीन. मग मेणावर दोरा ओढला, पहिल्या काजाला वेढे घातले, आणि बटणांच्या जागा बघायला कोट उभ्या पुतळ्यावर चढवला.

तिन्ही काजं उजव्या बाजूला होती.

ती इतकी वर्षं हे काम करत होती. झोपेतून उठवून पटाशी हातात दिली असती तरी तिची बाजू चुकली नसती. तिने कोट पुतळ्यावरून काढला, उलटा केला, सुलटा केला. काजं काही जागची हलली नाहीत.

"मास्तर," ती म्हणाली, "माझ्याकडून कोट बिघडला."

मास्तर आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. "बाईचा कोट केलात हो ताई," एवढंच ते म्हणाले. रेडिओ मागून डोकावला आणि त्याला राहवेना. "आता इंजिनाला उद्या लिपस्टिक लावूनच बसवा," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. बाकी कुणी हसलं नाही.

मास्तर काजताईकडे बघत राहिले. मग त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. म्हातारा कापडाच्या बाबतीत हुशार होताच, माणसांच्या बाबतीत उशिरा का होईना पण चालायचं त्याचं डोकं. "चल रे," ते रेडिओला म्हणाले, "चहा पिऊन येऊ."

"आत्ताच तर प्यालो."

"मग अजून एक पी," मास्तर म्हणाले आणि त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर घेऊन गेले.

दुकानात दोघं उरली. इंजिनाने पुढे होऊन तिच्या हातातला कोट घेतला, टेबलावर पसरला, ओलं फडकं घातलं आणि इस्त्री फिरवायला सुरुवात केली. गळपट्टी, खांदे, बाह्या. तिन्ही काजांच्या भोवती तो फार हलक्या हाताने गेला.

"कशाला करताय इस्त्री?" ती म्हणाली. "वाया गेला तो कोट."

"नाही गेला. बाकीची काजं पुरी करा, बटणं लावा. मी असाच घालीन."

"लोक हसतील तुम्हाला."

"हसू दे," तो म्हणाला. इस्त्री त्याने उभी करून ठेवली होती आणि नजर कोटावर होती. "काजं तुमची आहेत."

बास. एवढंच म्हणाला तो. दुसऱ्या कुणाच्या तोंडी हे वाक्य साधंच ठरलं असतं. पण अकरा वर्षांत त्याने तिला इतकं मोठं काही सांगितलं नव्हतं, आणि हे सांगूनही तो उद्या त्या कोटात दुसऱ्या बाईपुढे जाऊन बसणार होता. काजताईला एकदम संताप आला. त्याचा आला, स्वतःचा आला, आईचा आणि जिन्यातल्या त्या माणसाचाही आला.

"उद्या बसू नका त्यांच्यापुढे," ती म्हणाली.

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मला तुम्ही आवडता," काजताई म्हणाली. "पुष्कळ दिवसांपासून. तुम्ही विचाराल म्हणून मी थांबले होते. आता तुम्ही दुसरीकडे निघालात, तर मला बोलायलाच हवं. नाही म्हणायचं असेल तर म्हणा. पण मी बोलले नाही असं म्हणू नका."

इंजिन स्टुलावर बसला. त्याचे कान तर लाल झालेच, पण डोळेही भरून आले. त्याने ओल्या फडक्याची घडी घातली. मग बोलायला लागला, आणि कसं कोण जाणे, थांबला नाही.

त्याची थोरली बहीण तरुण असताना एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला होती. तिथल्या एका माणसाचं तिच्यावर मन बसलं. तिने नाही म्हणून सांगितलं. तो रोज फाटकाशी उभा राहू लागला. तिने पुन्हा नाही म्हटलं. तो फुलं घेऊन येऊ लागला. सगळे म्हणायचे, किती जीव लावतोय बघ, बाई पहिल्यांदा नाहीच म्हणते, पुरुषाने चिकाटी सोडू नये. इंजिन तेव्हा विशीत होता. त्यालाही तसंच वाटायचं.

"ती रस्ता बदलायची," तो म्हणाला. "आज या बाजूने, उद्या त्या बाजूने. आणि तो मला विचारायचा, आज कुठून येणार. मी सांगायचो. मला वाटायचं मी दोघांचं भलं करतोय. पुरुषाने असंच करायचं असतं असं वाटायचं."

"मग?"

"एकदा त्याने तिचा हात धरून ओढलं तिला, भर रस्त्यात. लोक बघत होते. ती घरी आली ती कामाला परत गेलीच नाही. आता घरीच मुलांच्या शिकवण्या घेते. दाराला साखळी लावून. मी सांगायचो हे तिला माहीत नाही. माझ्याच्याने कधी बोलवलं नाही." त्याने डोळे पुसले. "तेव्हा ठरवलं, कुठल्याही बाईच्या मागे एक पाऊल टाकायचं नाही. तुमच्या मागे तर नाहीच नाही. तुम्ही इथे रोज कामाला येता. मी विचारलं असतं आणि तुम्हाला नको असतं, तर तुम्ही कुठे गेला असता?"

अकरा वर्षं काजताई ज्याला बेफिकिरी समजत आली, ती ही काळजी होती.

"आणि उद्याचं?" तिने विचारलं.

"ताईला कशालाही नाही म्हणायचं मला धाडस होत नाही."

"मी ताईंशी बोलले तर?"

"तुम्ही?"

"तुम्ही तर बोलण्यातले नव्हे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच दोघं हसली.

शनिवारी दुकान लवकर बंद व्हायचं. दोघं बसने गेली, एकाच बाकावर, मध्ये तिची पिशवी ठेवून. त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तो किल्ली काढायला लागला तेव्हा तिने त्याला थांबवलं आणि स्वतः घंटी वाजवली. तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एका उभट चेहऱ्याच्या, केस पिकलेल्या बाईने बाहेर पाहिलं. "काय काम आहे?"

बसमध्ये काजताईने बरंच काही जुळवून ठेवलं होतं. ते सगळं आता विसरलं. "मी दुकानात काजं करते," ती म्हणाली. "तुमच्या भावाला मागणी घालायला आले आहे."

फटीतल्या बाईने काजताईला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग मागे पायऱ्यांवर उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम कठीण झाला.

"खरं सांगा," ती म्हणाली. "याने तुमचा पिच्छा पुरवला का? याने सांगितलं म्हणून आलात?"

"नाही. उलट मीच यांना विचारलं."

"तुम्ही कुठल्या रस्त्याने घरी जाता, हे याने कधी कुणाला विचारलं का?"

मागे पायरीवर इंजिनाने कठडा घट्ट धरला. काजताईच्या लक्षात आलं, की बहिणीला सगळं माहीत आहे.

"कधीच नाही," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली. माझं घर कुठे आहे ते अजून यांना माहीत नाही."

थोरल्या बहिणीने दार लोटलं, साखळी काढली आणि दार पूर्ण उघडलं. पण ती काजताईशी बोलली नाही. भावाशी बोलली.

"त्या माणसानेच मला तेव्हा तोंडावर सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुझा भाऊच सांगतो मला सगळं, म्हणून. मला पहिल्यापासून माहीत आहे. तू सांगशील, तू सांगशील म्हणून मी थांबले रे."

तो पायऱ्या चढून आला. तिच्यासमोर उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. तिने त्याला जवळ घेतलं नाही, तशी त्या घरात पद्धत नसावी. तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "पुरे. आत जा, तोंड धू. आणि उद्या येऊ नका असा त्या लोकांना फोन तू करायचास. तेवढं तरी स्वतःच्या तोंडाने बोल."

तो आत गेला. काजताई उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालंच नव्हतं, आणि आता विचारावं की नाही ते तिला कळेना.

थोरल्या बहिणीने पदराने डोळे टिपले आणि तिच्याकडे वळली. "मघाशी काय म्हणालात तुम्ही?" तिने विचारलं. "माझं लक्ष त्याच्याकडे होतं. पुन्हा म्हणा. या घरात असं विचारायला आजवर कुणी आलं नाही."

काजताईने चपला काढल्या, आत आली आणि पुन्हा मागणी घातली.